तात्यांचं पान

३ सप्टेंबर

आले बाई एकदाची उज्जैनला! देवासहून येणं ते किती, पण बसने इथल्या देवास गेट स्टँडला उतरवेपर्यंत हाडं खिळखिळी केली. घर मात्र झकास. फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागे, तिसरा मजला, वर गच्ची, खाली पोहेवाला. काम माईंना सांभाळायचं. वय ब्याऐंशी, विसरभोळेपणा आता आजारात गेलेला. लेक अपर्णा भोपाळला असते. तिने एकच नियम सांगितला: माईला खोटं पाडू नका. तात्या, म्हणजे माईंचे यजमान, रेल्वेत होते. जाऊन तीन वर्षं झाली. माई रोज विचारतात, ते आले का, गाडी लेट आहे का. गेले म्हणून सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात. तेव्हा म्हणायचं, येतीलच.

मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर! माझी आई अशीच झाली होती. बाबा आले का, असं सारखं विचारायची आणि मी ओरडायचे, मेले ते, किती वेळा सांगू? दिवसातून दहा वेळा विधवा केलं मी तिला. सहा वर्षं झाली तिला जाऊन.

८ सप्टेंबर

जमतंय. समोर बसायचं, हात हातात घ्यायचा, एका वेळी एकच विचारायचं. चहा की दूध की सरबत म्हटलं की बिचाऱ्या गोंधळतात. आज तात्या आले का म्हणाल्या, तर मीच विचारलं, तात्यांना काय आवडतं हो? झालं! भुट्ट्याचा कीस, वर जिरावन मसाला भुरभुरलेला, आणि पहिला घास माईंच्या हातचा. तासभर गप्पा. हसतात मोठ्या लबाड. मला कधी माझ्या नावाने जयू म्हणतात, कधी लेक समजून अपर्णा. मी दोन्हीला ओ देते.

१४ सप्टेंबर

आज अष्टमी, तात्यांची तिथी. श्राद्ध अपर्णाने भोपाळला केलं. मला म्हणाली, घरी पितरांचा घास तेवढा गच्चीवर ठेवा. पण खीर-वडे पाहून माईंनी विचारलं, हे कोणासाठी? माझी जीभ रेटेना. म्हटलं, तात्यांसाठी. मग हट्टच धरला, त्यांचं पान वाढ, त्यांना हाक मार. वाढलं. दारात उभं राहून हाकही मारली, तात्या, या, पान वाढलंय. गच्चीवर घास गेलाच नाही.

पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. परत येते तो तात्यांचं ताट स्वच्छ, खुर्ची मागे सरकलेली. माईंना माझ्या आधाराशिवाय उठता येत नाही.

१५ सप्टेंबर

आजही तेच. मग बेसिनचा नळ आपोआप सुरू झाला. माई म्हणाल्या, हात धुताहेत, टॉवेल दे. मी नळाशी टॉवेल नुसताच धरून उभी राहिले. तो ओला झाला.

माई इतक्या आनंदात आहेत की मला बोलवेना.

१७ सप्टेंबर

माई जेवत नाहीत. म्हणतात, ह्यांचं झाल्यावर. ह्यांचं झालं की माईंचंही ताट रिकामं असतं आणि ओठ मात्र कोरडे. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाते. डॉक्टर सलाईन लावून गेले, वय झालं म्हणाले. अपर्णाला बोलावलंय.

शेजारच्या मीराभाभींना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अरे दीदी, पितरों का घास छत पे रखते हैं, घर में थाली थोड़ी लगाते हैं! पान माईंच्या हट्टाने वाढलं, आता माईंनीच तात्यांना नको म्हटलं तर ते जातील. म्हणजे माईंना खरं सांगायला हवं. मी.

१८ सप्टेंबर

सांगितलं. माई, तात्या गेले. त्यांना या म्हणू नका.

तोच चेहरा. माझ्या आईचा. मला का नाही बोलावलं, म्हणाल्या, शेवटचं पाहिलंही नाही मी त्यांना. छाती फुटेल अशा रडल्या. मीही रडले. मग माईंनी पदराने डोळे पुसले आणि दाराकडे पाहून विचारलं, तात्या आले का गं?

खुर्ची सरकली.

पुन्हा सांगायचं? — दुसऱ्यांदा — नाही. नाही झालं माझ्याच्यानं. म्हटलं, आले, माई.

१९

माई गेल्या. दुपारी, जेवायच्या खुर्चीतच. हातात घास होता, पुढे केलेला — भरवावा तसा —

अपर्णा गळ्यात पडली. तुम्ही माईला शेवटपर्यंत आनंदात ठेवलंत, म्हणाली. मी काय केलं ते तिला —

२१, सर्वपित्री

अपर्णा अस्थी घेऊन घाटावर गेलीय. घरात मी एकटी. मीराभाभींनी खिचडी पाठवली. सवयीने दोन पानं घेतली. हाक मारली नाही. शपथ, नाही मारली —

जिन्यात चपला. फरपटत. आईच्या —

दाराशी थांबली. विचारतेय, जयू, बाबा आले का गं?

ओ द्यायची नाही. कळतंय मला. माईंची मनगटं पाहिलीत मी —

पुन्हा विचारतेय. हळूच. मी ओरडेन म्हणून भीत भीत —

येतीलच, आई. येतीलच. तोवर तू आत ये, मी पान वाढ