कॉफीचं सेंद्रिय

११ मे २००७, शुक्रवार
नात आली. वैष्णवी. पुण्याला कंप्युटरात आहे, आता बेंगलोरला चालली. तिचा कुत्रा महिनाभर माझ्याकडे. नाव कॉफी. नाव बाईचं, जात बाप्याची. नीट राहिला तर कायमचा माझा, नाहीतर पुण्याच्या मैत्रिणीला देणार. मला तर आत्ताच माझा वाटतोय, पायावर डोकं टाकून झोपलाय लबाड.
आल्या आल्या मी त्याला सुका बोंबील दिला. वैष्णवीने त्याच्या तोंडात बोटं घालून तो बाहेर काढला. म्हणाली, ह्याला फक्त ऑरगॅनिक. मला लाज वाटली. त्याचं खाणं रोज कॅलेंडरवर लिहायचंय. ही वही मात्र माझ्यापुरती. उद्यापासून कडक.

१२ मे
वैष्णवी गेली. ऑरगॅनिक म्हणजे औषध न मारलेलं. मराठीत सेंद्रिय. विसरू नये म्हणून हातावर पेनने लिहून घेतलं.
शेजारची हमिदाबी मधल्या दगडी गडग्यावरून त्याला बांगड्याचं डोकं टाकत होती. म्हटलं, बंद कर, हा ऑरगॅनिक आहे. म्हणते कशी, "मथुराबाय, मासा ऑरगॅनिकच की. समुद्रात खत कोण टाकतो?" तिला काय कळतंय. मी चौथी पास आहे. तिचा चेहरा पडला. पडू दे.

२१ मे, सोमवार
वैष्णवीने ठेवलेलं त्याच्या खाण्याचं पुण्याचं पाकीट संपलं. थोडं मीपण चाखलं होतं, चहाबरोबर बरं लागतं.
भागोजीच्या शेतीच्या दुकानात गेले. कोंबड्यांचं खाणं तिथे मिळतं, मग कुत्र्याचं का नाही? म्हटलं, सेंद्रिय दे. कशाला, म्हणाला. म्हटलं, कॉफीला. रत्नागिरीत कॉफी? म्हटलं, नातीने पुण्याहून आणलंय. किती वर्षांची, म्हणाला. नावावरून बाई समजला बिचारा. म्हटलं, दोन. मग म्हणाला, "अजून लहान आहे, आजी. मूठभर पुरे. बुडाशी घाला, वर पाणी. पाऊस लागला की बघा कशी फोफावते."
एवढं समजावून कोण सांगतो आजकाल. पिशवीवर माडाचं चित्र आहे, म्हणजे आत खोबरं असणार. अक्षरं बारीक. चष्मा घालून वाचेन सावकाश.

२२ मे
थाळीच्या बुडाशी मूठभर, वर भात, वर पाणी. वास सुकटीसारखा. खोबऱ्याला असा वास का, हे एकदा मनात आलं, पण त्याने थाळी चाटून लख्ख केली. कॅलेंडरवर लिहिलं, ऑरगॅनिक. अक्षर चांगलं आलं.

२६ मे
महिला मंडळात कॉफीवर अर्धा तास बोलले. विषय लोणच्याचा होता. बायका गप्प बसून ऐकत होत्या.

२९ मे, मंगळवार
सकाळपासून तीनदा ओकला. रिक्षात मांडीवर घेऊन डॉक्टरकडे नेला. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. म्हटलं, ऑरगॅनिक. डॉक्टर बघतच राहिले. मग तोंडातून गेलं, शेजारची बाई माशाची डोकी टाकते. बघितलं नव्हतं. पण दुसरं काय असणार?
घरी आल्यावर नळावर चार बायकांत हमिदाबीला बोलले. ती हंडा उचलून आत गेली. जरा जास्तच झालं. पण कुणीतरी बोलायला हवंच होतं.

१ जून
दोन दिवस पेजेवर ठेवला, बरा झाला. सेंद्रिय परत सुरू, अर्धी मूठ. हमिदाबीचं मागचं दार बंदच असतं. चष्मा सापडत नाही. शोधलाही नाही म्हणा.

९ जून, शनिवार
वैष्णवी आली. कॉफीला बघून खूश. कॅलेंडर बघून तर फारच खूश, माझा मुका घेतला. मग पिशवी बघायला मागितली. मी कौतुकाने आणून दिली.
वाचता वाचता खालीच बसली. "आजी, हे खत आहे. माडाला घालतात ते. मासळीच्या कुटीचं."
मी म्हटलं, भागोजीने कॉफीलाच दिलं. म्हणाली, त्याला झाड वाटलं असेल. मग मला चष्मा सापडला. जनावरांपासून दूर ठेवा, असं लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात.
पेजेचे दोन सोडले तर सतरा दिवस. ओकारीनंतरसुद्धा मीच घातलं. कुठे तोंड लपवू असं झालं. हमिदाबीचंही सांगून टाकलं. वैष्णवी ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की कॉफी राहील इथे, पण जेवायला हमिदाचाचीकडे. त्या हो म्हणाल्या तर. आणि विचारायचं मी.

१० जून, रविवार
गेले. दारात उभी राहून काय बोलायचं ते सगळं विसरले. ती म्हणाली, "तुम्ही नको म्हटलंत त्या दिवसापासून एक डोकं टाकलं नाय मी, मथुराबाय. तो गडग्यावर येऊन बसायचा, तरी नाय."
एवढंच. मग कॉफी किती खातो, ते विचारलं.

१४ जून
कॉफी रोज दुपारी तिकडे जातो. उकडलेला मासा आणि भात. अंग चकाकायला लागलंय. हमिदाबी मलाही हाक मारते, पण मी कामात आहे म्हणते. काम काही नसतं. तो परत येईपर्यंत पडवीत बसून राहते. आज बराच उशिरा आला.