खुंट्यांच्या पलीकडची फरशी

दादा,

तू चोरून काँक्रीट ओतलंस म्हणून काल तुझ्यावर डाफरले, ते चुकलंच माझं. पाणी मुरायला निम्मा प्लॉट उघडा हवा, हा नियम पाळून आपण घरामागे मोजून माती सोडली होती. काल संध्याकाळी मी फरशीच्या कडेला खुंट्या ठोकल्या. आज फरशी त्यांच्या तीन हात पुढे गेलीय, आणि ती ओलीसुद्धा नाही.

ती उघडी जागा तपासायला मोजणीवाले चारला येतील, त्यांना फाटकातूनच परत पाठव. आईला घेऊन मी मावशीकडे जातेय.

कुत्र्याला हाका मारत बसू नकोस. तो मातीतच झोपायचा. साखळीचं एक टोक खांबालाच आहे, दुसरं फरशीत गेलंय, आणि साखळी अजून हलतेय.

धाकटी