ओट्याखालची काकवी

सोमवार, संध्याकाळ

आज पाळणाघरात ओट्याखाली काकवीची बाटली सापडली. अर्धी संपलेली. आणि मी महिनाभर कुपवाडला कारखान्यात कामावर जाणाऱ्या आयांना ऐटीत सांगतेय, बघा, पोरं बिनसाखरेची नाचणीची खीर कशी चाटूनपुसून खातात!

स्वयंपाकाच्या शांतामावशींना विचारलं. म्हणाल्या, "आवं बाई, साखर कुठं घातली? आमच्या रानातल्या उसाची काकवी हाय ती. पोरं उपाशी बघवत न्हाईत."

चिडायचंही त्राण नव्हतं. बाटली पिशवीत घालून घरी आणली.

पण महिनाभरात मी एकदाही ती खीर चाखली कशी नाही? कारण ठाऊक आहे. बिनसाखरेची खीर माझ्याच घशाखाली उतरत नाही.