पट्टी डाव्या गुडघ्याला

प्रिय आरू,

हे पत्र मी हातानं लिहितेय आणि पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. फोनवर टाइप करायला घेतलं की मध्येच दुसरंच काहीतरी बघत बसते, आणि तुझ्याकडे हल्ली कॉल लागतात कुठे धड? लागलाच तर तू 'मस्त चाललंय गं, जेवले, प्रॅक्टिसला निघाले' एवढं बोलून ठेवून देतेस. कागदावर तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. मलाही लिहिलेलं डिलीट करता येणार नाही.

सध्या मी ट्रॉयला आहे, डेट्रॉइटच्या बाजूला. पप्पांना वाटतं मी इथे कसलातरी कोर्स करतेय. मी मालिनी मावशींचे डबे पोचवते. मावशी सांगलीच्या, त्यामुळे आमटीला आपल्याकडची चव आहे, आणि इथली बरीच आयटीवाली मंडळी त्यांच्याच हातचं जेवतात. पिस्कॅटवेला कॉलेज अर्ध्यावर सोडलं हे तुला माहीत आहे. मग मॉरिसव्हिलला काकांच्या सुशांतदादाकडे राहिले, एका डेकेअरमध्ये पोरं सांभाळली. पोरांना मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची 'नो मावशी, आय डोन्ट वॉन्ट टू'. तिथूनही निघाले. परवा मालिनी मावशी म्हणाल्या, 'तुझ्या पायाला चाकं लावलीत का गं? बस की जरा.' मी म्हटलं, बसले की गुडघा धरतो. त्या हसल्या. त्यांना वाटलं, या वयात कुठला गुडघा.

तर शनिवारची मॅच मी बघितली. मी सगळ्याच बघते. तुमच्याकडे दुपार असते तेव्हा इथे सकाळ, डबे गाडीत भरलेले असतात. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, फोन स्टीअरिंगला टेकवायचा आणि बघायचं. तुमच्या मैदानावर तो एकच कॅमेरा, आणि त्याच्या बरोबर समोर कुणी झेंड्याचा खांब रोवलाय देव जाणे. पहिल्या हाफमध्ये तू त्या खांबामागे. मला तुझे ग्लोव्हज तेवढे दिसतात, कधी या बाजूनं, कधी त्या. माझं लक्ष मग भलतीकडेच जातं. स्टँडमध्ये थर्मास घेऊन बसणारी ती लाल टोपीची आजी बघते. तुमच्या बाजूची ती उंच विंगर बघते, जी पडली की आधी वेणी ठीक करते, मग उठते. नकली गवताच्या कडेला ढकलून ठेवलेला बर्फ बघते. तुझी टीम 'बेर्योझ्का', तिचं नाव इथे फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, दुसरा यशोधन.

यशोधन म्हणजे आमचा एक डबेवाला. म्हणजे डबा घेणारा. नागपूरचा आहे, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर करतो, आणि मावशींच्या भाजीत तिखटच नसतं अशी त्याची कायमची तक्रार. एकदा डबा वर आला नाही म्हणून खाली आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, 'काय पाहून राहिली? माझी पोळी वाळून राहिली ना इकडे.' मी म्हटलं, रशियातली बायकांची फर्स्ट लीग. त्यानं वाकून स्क्रीन बघितली. मग शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि डबा तिथेच उघडला. आता दर मॅचला येतो. त्याला सगळं सांगावं लागलं. फर्स्ट लीगच्या वर सुपरलीग असते. कोल्हापूरची पोरगी डॉक्टरकी शिकायला रशियात गेली, कॉलेजच्या टीममध्ये गोलला उभी राहिली आणि क्लबवाल्यांनी उचलली. तिनं वर्षभर शिक्षण थांबवलंय आणि पुढच्या शनिवारी शेवटची मॅच जिंकली तर टीम वर जाईल आणि हिचा करार पुढे चालू राहील. नाही जिंकली तर पुन्हा शरीरशास्त्राची पुस्तकं. तो म्हणाला, 'म्हणजे हरली तर डॉक्टर. असं हरणं आम्हाला का नाही मिळालं यार?'

शनिवारी दुसऱ्या हाफला तू खांबाबाहेर आलीस आणि पट्टी दिसली. डाव्या गुडघ्याला, पांढरी, जाड. यशोधननं फोनवर ते भाषांतराचं अ‍ॅप लावलं होतं. तो म्हणाला, कॉमेंट्रीवाला सांगतोय, गोलीचा डावा गुडघा थोडा दुखतोय, क्लबचे डॉक्टर रोज त्याच्यावर काम करतायत, काळजीचं काही नाही. 'भारी पोरगी आहे, दुखणं घेऊन खेळते,' असं म्हणून तो दहीभात कालवायला लागला. त्या दिवशी मी कांदा-लसूण न खाणाऱ्या शहा काकूंकडे अंड्याची करी दिली. मावशींना दोन तास माफी मागायला लागली. मला अजून शहा काकूंच्या दारावर जायची सोय नाही.

इथल्या मैदानांवर बदकं चरतात, तुला सांगितलंय का? मोठी, गायीसारखी निवांत. रविवारी काही बायका तिथे खेळतात. आयटीतल्या, शाळेतल्या, एक दाताची डॉक्टर. बदकांना हाकलून मग खेळतात. मला दर वेळी बोलावतात, कारण एकदा बॉल माझ्याकडे आला आणि मी तो पायानं परत दिला. तेवढ्यावरून त्यांना कळलं. मी म्हणते, डबे आहेत. रविवारी डबे नसतात.

बघ, पुन्हा भरकटले.

गोलकिक तू मारत नाहीयेस. शनिवारी एकही नाही मारलीस, सगळ्या त्या चार नंबरच्या पोरीनं मारल्या. तुझी गोलकिक म्हणजे शाहू स्टेडियममध्ये मधली रेषा ओलांडून जायची आणि पेठेतली पोरं ओरडायची, 'ए, तिकीट काढ बॉलचं.' आणि तो गोल. सगळे म्हणतील, कोपऱ्यात गेला, कुणाला अडवता आला असता? मला वाटतं, अडवता आला असता. तुला तर नक्कीच. डावीकडे दोनदा तू कशी गेलीस, मांजरीसारखी. उजवीकडे तू उडी मारली नाहीस आरू. तू पडलीस. मी ती क्लिप पुन्हा पुन्हा बघितली. यशोधनला फरक दिसत नाही. तुमच्या कोचला दिसला नसेल, कारण त्याचं लक्ष पट्टीकडे आहे. ज्या पायावरून उजवीकडे झेप घ्यायची, त्या पायाला पट्टीच नाही.

आपल्या कोचची, मोहन सरांची आठवण येते का? 'दुखऱ्या पायाला कधी पट्टी बांधायची नाही. चांगल्याला बांधायची. समोरची पट्टी बघून लाथ घालते, घालू दे चांगल्यावर.' आपल्याला केवढी हुशारी वाटायची त्यात. समोरच्या टीमच्या पोरी फसायच्या आणि आपण ड्रेसिंग रूममध्ये लोळून हसायचो. आख्ख्या रशियात ही गोष्ट कुणाला माहीत असणार? तुमचे डॉक्टर बिचारे रोज डाव्या गुडघ्यावर बर्फ लावत असतील, आणि तू 'हो, थोडं बरं वाटतंय' म्हणत असशील. अर्धी डॉक्टर झालेली पोरगी.

आता मला जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी खेळणं सोडलं ते अमेरिकेला आले म्हणून, असं तुला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. काकांनी फार पूर्वी पप्पांसाठी भरलेले ग्रीन कार्डचे कागद नेमके तेव्हा मंजूर झाले, त्यामुळे मला ते सांगायला सोपं गेलं. आपल्या त्या शेवटच्या स्पर्धेत सेमीफायनलला माझा उजवा गुडघा आतून टक् वाजला होता. बाहेर ऐकू येत नाही तो आवाज, आपल्यालाच येतो. मी डाव्याला पट्टी बांधली आणि फायनल खेळले. तू मागून ओरडत होतीस, 'चारू, पुढे जा, मी आहे मागं,' आणि मी पुढे जात होते. सर डाव्यावर स्प्रे मारत होते. जिंकलो आपण. तू मला उचललंस तेव्हा मी रडले, तुला वाटलं आनंदानं.

मॉरिसव्हिलला सुशांतदादा मला ओढतच फिजिओकडे घेऊन गेला. ती बाई प्रेमळ होती. म्हणाली, दाखव कुठला. आणि मी काय केलं सांगू? सवयीनं डावा पुढे केला. ती दाबतेय, वाकवतेय, विचारतेय, इथे दुखतं? इथे? आणि मी त्या चांगल्या पायाकडे बघत बसले. शेवटी हसायला आलं आणि मग हसू थांबेना. उजवा दाखवला तेव्हा तिनं तो दोनदा वाकवून बघितला. चालता येईल म्हणाली. जिने चढता येतील. वेळेवर बघितलं असतं तर खेळताही आलं असतं. तेव्हापासून मी एका गावातून दुसऱ्या गावात जाते, कारण नवीन गावात कुणी विचारत नाही की तू आता खेळत का नाहीस. आणि ती बदकं हाकलणाऱ्या बायकांना मी डबे सांगते.

काल काकूंचा, तुझ्या आईचा, मला फोन आला होता. 'आरूचा आवाज मला बरा वाटत नाही, तुला काही बोलली का?' मी म्हटलं, नाही काकू, मस्त आहे. हे एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर मी सांगणार. येत्या शनिवारची मॅच आहे, तुझं वर्ष त्यात आहे, ती लाल टोपीची आजी थर्मास घेऊन येणार आहे, सगळं मला माहीत आहे. तू बाकावर बसलीस तर टीम कदाचित हरेल, करारही जाईल. मी तुला हे सोपं आहे असं म्हणत नाही. पण हे पत्र मी एवढ्यासाठी लिहितेय की तू उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, डाव्याची पट्टी सोड आणि उजवा पाय पुढे कर. शब्द येत नसले तर नुसता पाय पुढे कर. शनिवारी मी यशोधनसोबत पार्किंगमध्येच असेन. गोलमध्ये दुसरी कुणी उभी दिसली तर मी एवढी खूश होईन की यशोधन घाबरेल. तीन वर्षं तू माझ्या मागं उभी राहिलीस. आता जरा मला तुझ्या मागं उभं राहू दे.

तुझीच, उजव्या पायानं जरा लंगडणारी,
चारुता