फक्त पुढचे पाय

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
१२ मे २००६

ती. आईस,
अनुयाचा सा. न. वि. वि.

तिथल्या वाऱ्याने तुझे गुडघे धरलेत, असं शंतनूदादा म्हणाला. शेक घेत जा.

इथे तबेल्यात मात्र काहीतरी चुकीचं चाललंय. आमची जिंजर वेस्टर्न, म्हणजे काउबॉय धर्तीच्या, स्पर्धांतली घोडी. भरधाव येऊन वाळूवर घसरत थांबते, म्हणून चारी पायांना जाड अस्तराचे बूट बांधतात. नवे बूट मीच निवडले. आठवड्याभरात तिच्या पुढच्या पायांची कातडी सोलवटली. मागचे पाय मात्र ठणठणीत. बूट मी रोज धुऊन वाळवते. बांधतो प्रकाश, आपल्या नाशिककडचा. तो वाळू न झटकताच बूट करकचून आवळत असणार. विचारलं तर हसून इथल्या बोलीत "स्वीट ॲज, ताई" म्हणतो, म्हणजे सगळं झकास. ते हसणं मला खरं वाटत नाही. मुक्या जनावराची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी, म्हणून मालकीणबाई ग्लेनिसना मी सांगितलं. त्यांनी त्याला २१ तारखेच्या रविवारनंतर येऊ नकोस म्हणून कळवलंय.

दादा-वहिनींना नमस्कार. आठवण ठेव.
तुझी अनुया

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१६ मे २००६

चि. अनुयास आईचे आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर तू, तुझं कसं चुकेल? फार हसणाऱ्यांचा मलाही भरवसा वाटत नाही. शेजारीण रोज इथल्या माओरी रीतीने नमस्काराचं किया ओरा म्हणत हसते. मी अजून तिला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही.

पण मला तुझाच संशय येतोय. एवढ्या पत्रात माझ्या लोकरीच्या पट्ट्यांबद्दल अवाक्षर नाही. बूट जरा मोठे झालेत, आत काहीतरी मऊ हवं, असं फोनवर तूच म्हणालीस. बोटं आखडली तरी विणल्या. पुढच्या पायांपुरत्या झाल्या आणि लोकर संपली. कपाटात टाकल्यास ना? तसं असेल तर मागच्या पायांसाठी मी विणायची नाही.

जेवणाची हेळसांड नको. राग धरलेला नाही.
तुझी आई

बॉटनी डाउन्स
१९ मे २००६

ती. आईस सा. न.

तुझं पत्र तबेल्याच्या दारात उभ्यानेच वाचलं. पट्ट्या कपाटात नाहीत. पुढच्या बुटांच्या आत मीच टाके घालून बसवल्या होत्या. लगेच उसवून पाहिल्या. रोजच्या धुण्याने लोकर आटून तिचे कडक गोळे झाले होते, आणि धाग्याधाग्यांत वाळू अडकलेली. झटकून निघाली नसती. बूट मोठे निघाले तेव्हाच बदलून आणायचे, तर मी ते भरत बसले.

ग्लेनिसना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रकाश राहील, बूट यापुढे तोच निवडेल. जिंजरजवळ मी सध्या जायचं नाही, फक्त बूट धुवायचे.

प्रकाशची माफी मागितली. तो हसून "स्वीट ॲज, ताई" म्हणाला, अगदी पूर्वीसारखाच. पण आता मी धुतलेले बूट तो हातात घेतो, तेव्हा बांधण्याआधी अस्तरावरून सावकाश बोटं फिरवून पाहतो. मी समोर असले तरी.

मागच्या पायांसाठी विणू नकोस. माझ्यावरची माया मात्र आहे तेवढीच राहू दे.
तुझी अनुया