पूजेतला पाना

भिवापूर,
भाद्रपद वद्य सप्तमी, १९७४

चि. अरुंधतीस सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आपल्या गल्लीतल्या चंद्रभान कंडक्टरच्या हाती देते आहे, कारण टपालाचं प्रत्येक पत्र इथे मामंजी आधी वाचतात, तेही मोठ्यानं. बाबा दसऱ्याला गाडी घेऊन मला बाळंतपणासाठी न्यायला येतो म्हणतात, ते पत्रही असंच वाचलं आणि हसले. म्हणाले, त्या फियाटला चाकं कुठायत, गंजके तवे लावलेत. तसल्या तव्यांवर बसवून आमची सून धाडायची नाही. गेल्या खेपेलाही असंच काहीतरी काढून पाठवलं नव्हतं, आणि बाळ हाती लागलं नाही. अरू, मला सातवा सरला. यंदाही इथेच राहिले तर मी त्यातून उठायची नाही. काहीतरी कर. आईला हे सगळं सांगू नकोस.

तुझी,
सिंधू

नागपूर,
आश्विन शुद्ध अष्टमी

ती. सौ. सिंधूताईस अरुंधतीचा शि. सा. न. वि. वि.

तव्यांची ताटं झाली! बाबांनी गाडी अंगणात विटांवर चढवून चाकं काढून दिली. मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला, टायरवर खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली आणि आधी लाल प्रायमर, मग चंदेरी रंग दिला. माझी नखं बघून आई म्हणते, आता हिला बघायला येणाऱ्यांना हातमोजे घालून पोहे द्यावे लागतील. मामंजी वाकून बघतील या धास्तीनं मी आतून, बाहेरून, नटांच्या भोकांतसुद्धा पुन्हा पुन्हा हात दिला. आज संध्याकाळी बाबांनी चाकं बसवली, तेव्हा म्हणाले, भोकांशी एवढा जाड रंग द्यायला नको होता. ताजा रंग नटाखाली दबतो आणि नट सैल पडतात. उद्या एक चक्कर मारून सगळे पुन्हा आवळायचे आहेत. तेवढं झालं की गाडी तयार. हे पत्रही चंद्रभानच्याच हाती देते आहे. तू फक्त तब्येत सांभाळ. सर्वांस नमस्कार.

तुझी,
अरू

नागपूर,
विजयादशमी, सकाळ, एसटी स्टँडवरून

ती. बाबांस सा. न.

बाबा, गाडी जागची हलवू नका. नट आवळलेले नाहीत.

काल खांडेनवमी. आईनं विळी, कात्री यांच्याबरोबर चाकाचा पानाही पूजेत मांडला, आणि पूजेतल्या हत्याराला काल कोण हात लावणार? आज मुहूर्त गाठायला तुम्ही पूजा उचलायच्या आधीच निघालात. आत्ता फुलं काढताना मला खाली पाना दिसला. मी तो तसाच उचलून धावले. आई ओरडली, आणि मग तिनंच तो फडक्यात बांधून दिला. स्टँडवर चंद्रभाननं विचारलं, काहून एवढी घाबरून राहिली वं. पाना आणि हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. रस्ताभर बसच्या खिडकीतून तुमची गाडी कुठे दिसते का ते बघत जा, एवढंच म्हटलं.

तुम्ही पोचला असाल. पोचलाच असाल. ताईला बसवण्याआधी प्रत्येक नट आवळा. पण तिच्या मामंजींना यातलं काही कळू देऊ नका. त्यांना निमित्तच हवं आहे.

तुमची,
अरुंधती

भिवापूर,
दसरा, दुपार, गाडीत बसून

चि. अरूस अनेक आशीर्वाद.

बाबा सुखरूप आहेत, हे सगळ्यात आधी. उमरेडच्या पुढे मागच्या चाकातून खडखड येत होती म्हणे. त्यांना वाटलं, रस्ताच वाईट आहे.

चंद्रभान आला आणि दसऱ्याच्या रीतीनं घरात जे वडील त्यांच्या पाया पडला. आपट्याच्या पानांबरोबर तुझं पत्रही त्यानं मामंजींच्या हातात ठेवलं. त्यांनी ते ओसरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. निमित्तच हवं आहे, इथे आवाज अडला, पण तेही वाचलं. मग घडी घालून म्हणाले, सून जाणार नाही. बाबांनी हात जोडले. आपल्या बाबांना हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठले, अंगणात आले आणि गाडीत येऊन बसले. मामंजी उतर म्हणाले. मी म्हटलं, मग बाळंतपण इथेच, गाडीत होईल. गावाला बोलवा बघायला.

बाबा खाली बसून नट आवळताहेत. मागचे दोन तर बोटांनी फिरत होते. गाडी थोडी हलते, पोटातलं हलतं, मी दार धरून बसले आहे. मामंजी तुझ्या चाकापाशी उभे आहेत. अंगठ्याच्या नखानं रंग खरवडून बघितला, निघाला नाही.

सासूबाई आता सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आल्यात. ओटी भरतात की हाताला धरून खाली ओढतात, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. चंद्रभानची बस परत निघाली आहे, तो हात करून राहिलाय, म्हणून थांबते. काही झालं तरी मी उतरत नाही. लोभ असू दे असं यंदा लिहीत नाही; पाणी तापत ठेव आणि फाटकाशी उभी राहा.

तुझी,
सिंधूताई