बूटही धर

डार्सी,

काल संध्याकाळी तू कराचे कागद पसरून विचारलंस, "ड्यूटीचे बूट वजावटीत धरू का?" आणि मी फाडकन म्हणाले, "सोड! आता पोलिसात परत कोण जातंय?" तू लगेच यादीतून बूट खोडलेस. तेच मला टोचत राहिलं.

धर. पोलादी टोकाचे बूट चालतात, घेतलेतही माझ्याच पैशांनी. पावती फ्रीजवरच्या चुंबकाखाली आहे. पळायचे बूट मात्र यादीतून काढून टाक. सार्जंट दरवर्षी बजावतो, "त्यांत चोर पकडलास तरी करखातं दाद देणार नाही."

माझ्या गस्तीच्या गाडीला अपघात झाला तेव्हापासून ड्यूटीचे बूट व्हरांड्यातच पडून होते. आज झटकले, तर आतून लाल पाठीचा विषारी कोळी पडला. चांगला संसार थाटून बसला होता! म्हटलं, "बाबा रे, मालकीण आली. जागा खाली कर."

मटण भरलेली पाय-पेस्ट्री ओव्हनमध्ये आहे. सॉस संपलाय.

– मेरिन

आणि हो, व्हरांड्यात बूट दिसले नाहीत तर शोधत बसू नकोस. माझ्या पायात आहेत. ड्यूटी संपली की येते.